निरंक चालणार नाही

इंग्लंडातल्या केंट परगण्यात एका पोराने सँडविचमधली काकडीची चकती काढून दुसऱ्या पोराला फेकून मारली. सँडविच ट्यूना माशाचं होतं, हाही तपशील जगापुढे आलेला आहे. ज्याला काकडी लागली त्याच्या आईबापांनी हल्ल्याची तक्रार केली आणि फेकणाऱ्याला अटक झाली. चेशायरमध्ये एका इसमाला पोलिसांची रीतसर ताकीद मिळाली, कारण त्याच्याजवळ एक अंडं सापडलं आणि ते फेकण्याचा त्याचा इरादा होता. इरादा अंड्यावर लिहिलेला नसतो, पण पोलिसांना तो वाचता आला. वेस्ट मिडलंड्समधल्या एका नवरीला तर ऐन लग्नाच्या दिवशी अटक झाली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर घसरला आणि पार्किंगच्या दांड्याचं नुकसान झालं, हा तिचा अपराध.

ही यादी विनोदी लेखकाची नाही. २००७ साली इंग्लंड आणि वेल्सच्या पोलीस फेडरेशनने, म्हणजे रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसांच्याच संघटनेने ती जाहीर केली. आपल्याच खात्याचं हसं करून घेण्यामागे त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही वेडे नाही, आम्हाला आकडा द्यायचा असतो.

आकडा वरून आला होता. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने ठरवलं होतं, की २००७-०८ पर्यंत वर्षाला साडेबारा लाख गुन्हे मार्गी लागले पाहिजेत. मार्गी म्हणजे कोर्टातली शिक्षा, नाहीतर पोलिसांची ताकीद, नाहीतर जागेवरचा दंड. मोजताना सगळे सारखे. खुनाचा छडा लागला तर एक आणि अंडेवाल्याला ताकीद दिली तरी एकच. खुनाच्या तपासाला माणसं लागतात, महिने लागतात आणि शेवटी वकील सगळं पाण्यात घालतो. काकडीच्या तपासात काकडी सापडली की काम झालं. पगारी, संसारी, डोकं ठिकाणावर असलेला शिपाई यातलं काय निवडेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

सगळ्यात सोपं सावज म्हणजे पोरं. पळाली तर शाळेतच सापडतात, वकील आणत नाहीत आणि दरडावून विचारलं की कबूल होतात. इंग्लंड-वेल्समध्ये १० ते १७ वयाची जी मुलं पहिल्यांदाच पोलिसांच्या दप्तरात आली त्यांची संख्या २००६-०७ मध्ये एक लाख दहा हजारांवर गेली. मग उद्दिष्ट गुंडाळलं गेलं, धोरण बदललं. २०१६-१७ पर्यंत हाच आकडा वीस हजारांच्या आत आला. दहा वर्षांत तिथली पोरं थोडीफार सुधारली असतीलही. पण मोजणारे जास्त सुधारले, हे उघड आहे.

या काळात तिथल्या एका शिपायाने टोपणनावाने ‘वेस्टिंग पोलिस टाइम’ नावाचं पुस्तक लिहिलं. दिवसभर कागद भरायचे आणि उरलेल्या वेळात कागद भरता येतील अशी माणसं शोधायची, असा एकूण मजकूर. पोलीस खात्याच्या मंत्र्याने ते सगळं काल्पनिक ठरवलं आणि त्यात डिकन्सचंही नाव ओढलं, कारण टोपणनाव होतं डेव्हिड कॉपरफील्ड. मग लेखक खऱ्या नावानिशी टीव्हीवर आला. स्टुअर्ट डेव्हिडसन, स्टॅफर्डशायर पोलीस. तोवर त्याने कॅनडातल्या एडमंटन पोलिसांत नोकरी धरलेली होती. एवढं तिथे शक्य होतं. आपल्या हवालदाराने असं पुस्तक लिहिलं तर तो एडमंटनला नाही, गडचिरोलीला जाईल.

न्यू यॉर्कची गोष्ट याहून वाईट. तिथे १९९४ मध्ये कॉम्पस्टॅट नावाची पद्धत आली. नकाशे, आकडे, आठवड्याची बैठक आणि बैठकीत ठाण्याच्या प्रमुखाची उलटतपासणी. पुढे ब्रुकलिनच्या ८१ व्या ठाण्यातल्या एड्रियन स्कूलक्राफ्ट या अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठांची हजेरीवेळची बोलणी गुपचूप रेकॉर्ड केली. इतकी चलनं आणा, इतकी माणसं आणा, आणि दरोड्याची तक्रार जरा सबुरीने घ्या. ३१ ऑक्टोबर २००९ च्या रात्री त्याचेच साहेब त्याच्या घरात शिरले आणि त्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात नेऊन टाकलं. सहा दिवस ठेवलं. पुढे शहराला सहा लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. आकडा खोटा म्हणणारा वेडा, हे निदान करणारे डॉक्टर जगात सगळीकडे असतात. बहुधा ते डॉक्टर नसतात.

आपल्याकडे असलं काही नाही.

महाराष्ट्रात अटकेचं टार्गेट असतं का, असं कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा. तो छातीठोकपणे नाही म्हणेल, आणि खरंच बोलेल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ‘सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल आणि तेही खरं असेल. आपल्याकडे टार्गेट नसतं. आपल्याकडे तक्ता असतो.

तक्त्यात रकाने असतात. दारूबंदी, जुगार, १२२, १०२-११७, चॅप्टर, तडीपारीचे प्रस्ताव, एमपीडीए, वॉरंटची बजावणी, नाकाबंदीत तपासलेली वाहनं. एका बाजूला गेल्या वर्षीचा याच महिन्याचा आकडा, शेजारी यंदाचा आणि कडेला ‘फरक’. फरकात वजा आलं की क्राईम मीटिंगमध्ये इन्स्पेक्टरला उभं राहावं लागतं. साहेब ओरडत नाहीत. साहेब एवढंच विचारतात, “काय हो, तुमच्या हद्दीत रामराज्य आलं का?” रामराज्य यावं म्हणूनच पोलीस खातं असावं अशी माझी भाबडी समजूत होती. मीटिंगमध्ये तो आरोप असतो.

त्यातही गंमत अशी, की फरक दर वर्षी अधिकच यायला हवा. गेल्या वर्षी जुगाराच्या दहा केसेस, तर यंदा बारा. पुढच्या वर्षी चौदा. या हिशेबाने कधीतरी असा एक डिसेंबर उजाडेल, की तालुक्यातले झाडून सगळे पुरुष पत्ते खेळताना सापडल्याशिवाय ठाण्याची इभ्रत राहणार नाही. सरपंचांनी आतापासून कॅट विकत घेऊन ठेवावेत.

पुढचं चित्र काल्पनिक समजा. ज्यांनी ठाण्यात रात्रपाळी केली आहे ते ओळखतील, पण त्यांनाही काल्पनिकच समजावं लागेल, नोकरी आहे. रात्रीचे साडेनऊ. कंट्रोलला अहवाल जायचा आहे. ठाणे अंमलदार इन्स्पेक्टरला सांगतो, “साहेब, दारू एक, जुगार निरंक, १२२ निरंक.”

“निरंक चालणार नाही.”

एवढेच तीन शब्द. यात अटक हा शब्द नाही, आकडा नाही, बेकायदेशीर म्हणावं असं अक्षरही नाही. पण हे तीन शब्द ऐकून दोन पोलीस मोटारसायकलवर निघतात आणि तासाभरात कुणाची तरी रात्र लॉकअपमध्ये जाते.

कुणाची जाते ते बघा. जुगाराचा कायदा १८८७ चा. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली ते साल. एखाद्या जिमखान्याच्या वातानुकूलित खोलीत सभासद रमी खेळत असतील तर तिथे जायला लिफ्ट लागते, वर वॉचमन विचारतो आणि आत कदाचित साहेबांचे साहेब बसलेले असतात. पिंपळाच्या पारावर लिफ्ट नसते. तिथले तिघं, बावन्न पत्त्यांचा एक कॅट आणि रोख रुपये तीनशे चाळीस, एवढ्यात पंचनामा होतो. पंचही पारावरच मिळतात. कालच्या पंचनाम्यातला आरोपी आजच्या पंचनाम्यात पंच असला तरी कुणी दचकत नाही.

१२२ म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणारा माणूस. कलमात त्याचे प्रकार दिलेले आहेत. त्यातला एक म्हणजे समाधानकारक कारण न देता तोंड झाकलेला. आता पुण्यात संध्याकाळी सातनंतर दुचाकीवरून जाणारी निम्मी तरुणाई डोळ्यांखाली ओढणी गुंडाळून असते. मी पुण्यात राहतो आणि शपथेवर सांगतो, यातल्या एकीलाही १२२ लागलेलं ऐकलेलं नाही. लागूही नये. कारण त्या मुलीकडे तोंड झाकायचं समाधानकारक कारण असतं, आणि कारण नसलं तरी मोबाईलमध्ये काकांचा नंबर असतो. एसटी स्टँडमागे मफलर गुंडाळून झोपलेल्या बिगाऱ्याला थंडी वाजते, हे कारण मात्र समाधानकारक ठरायला पहाट उजाडावी लागते.

चॅप्टरचं वेगळं. चॅप्टर म्हणजे गुन्हा नाही, गुन्हा करू नये म्हणून आधीच घेतलेली हमी. १०७, ११०, १५१. आता ही कलमं तशी राहिलेली नाहीत. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, १०७ चं १२६ झालं, ११० चं १२९ आणि १५१ चं १७०. नव्या कायद्याने वसाहतीच्या खुणा पुसल्या असं सांगण्यात आलं. ठाण्यात अजूनही “दोघांवर एकशेसात टाका” असंच म्हणतात. कलमाचा नंबर पुसला गेला, पण यादी जुनीच आहे.

निवडणूक लागली की चॅप्टरला बहर येतो. प्रतिबंधात्मक कारवायांचा रोजचा अहवाल वर जातो, आणि अहवाल रोजचा म्हटल्यावर कारवाईही रोजची लागते. मग जुनी यादी निघते. तीन निवडणुकांपूर्वी ज्याने मतदान केंद्राबाहेर आरडाओरडा केला होता तो आता नातवाला शाळेत सोडतो, त्याची साखर वाढलेली आहे, आवाज बसलेला आहे. पण यादीत नाव आहे. शहरात त्याला एसीपीपुढे उभं करतात, गावाकडे तहसीलदारांपुढे. वर्षभर शांतता राखीन अशी हमी तो लिहून देतो. यादीतला पुढचा हमी लिहून द्यायच्या पलीकडे गेलेला असतो. त्याने कायमची शांतता राखलेली असते. मंत्र्यांचा दौरा असला की १५१ चा दिवस. काळे झेंडे दाखवतील म्हणून चार कार्यकर्त्यांना सकाळीच चहाला बोलावतात आणि ताफा गेल्यावर सोडतात. ही त्यातल्या त्यात सभ्य अटक. दोन्ही बाजूंना फोटो मिळतो.

मोठ्या कलमांचीही मोजदाद चालतेच. मोक्काच्या कारवायांची शंभरी भरल्याच्या बातम्या आपण पुण्यात वाचल्या आहेत. टोळ्या मोडायला हव्यात यात वाद नाही. पण शंभरावी कारवाई नव्याण्णवावीपेक्षा जास्त महत्त्वाची का, हे मला कळलेलं नाही.

आता गणवेशातल्या माणसाकडे या. आतापर्यंत त्याची टिंगल केली, पण तक्ता त्याने आखलेला नाही.

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या २८ व्या कलमानुसार पोलीस कायम कर्तव्यावर असतो. कायम म्हणजे झोपेत, बायकोच्या बाळंतपणात, बापाच्या दहाव्यालासुद्धा. कॉमन कॉज आणि लोकनीती यांनी २०१९ मध्ये देशभरातल्या पोलिसांची पाहणी केली तेव्हा दिवसाला सरासरी १४ तास काम निघालं. मुंबईत एका शिपायानेच आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक बसवून आयुक्तांपुढे ठेवलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते फेकून दिलं नाही, हे नमूद करायला हवं. मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात प्रयोग झाला आणि नंतर शहरभर गेला. पुढे २०२२ मध्ये महिला पोलिसांना राज्यात आठ तासांची ड्युटी देण्याचा आदेश निघाला आणि पोलिसांच्या किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या. कागदावर सगळं आहे. मग गणपती येतात, ईद येते, नवरात्र, मोर्चा, अधिवेशन, सामना, महोत्सव, पुन्हा निवडणूक. बंदोबस्त लागला की सुट्ट्या बंद. वीस रजा म्हणजे अर्ज करायच्या वीस संधी.

असा माणूस पहाटे बंदोबस्तावरून सुटतो, सकाळी कोर्टात साक्षीला जातो, तारीख पडते, दुपारी समन्स वाटतो, संध्याकाळी नाकाबंदीला उभा राहतो आणि रात्री साडेनऊला त्याला कळतं, की निरंक चालणार नाही. त्या क्षणी त्याने संविधान आठवावं अशी आपली अपेक्षा असते. त्याला आठवतो तो इन्स्पेक्टरचा चेहरा. इन्स्पेक्टरला आठवतो डीसीपीचा, आणि ‘कंट्रोलला जमा’ ही शक्यता. कंट्रोल रूममध्ये बदली ही शिक्षा का असावी, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आतल्याला नाही. तिथे हद्द नसते, आणि हद्द नाही म्हणजे काहीच नाही.

तक्रार कुणाकडे करणार? पोलिसांना संघटना काढायची मुभा तशी नाहीच. महाराष्ट्रात ती एकदा होती. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, सरकारने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना पकडलं, शहरात दंगल उसळली, लष्कर आलं. ज्यांनी आयुष्यभर १५१ लावलं त्यांनाच पहाटे उचललं गेलं. तेव्हापासून शिपायाची तक्रार त्याची बायको करते, तीही शेजारणीकडे.

म्हणून दाब खाली सरकतो. महासंचालकांपासून निघालेला दाब हवालदारापर्यंत येतो आणि हवालदाराच्या खाली कुणीतरी लागतंच. राज्यात ते कुणीतरी कोण, हे गावाकडचा माणूस न विचारता सांगेल. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला. कायद्याने. ठाण्यातल्या माणसाला ऐतिहासिक द्वेष असतोच असं नाही. त्याला घाई असते. पाल गावाबाहेर असतं, दार नसतं, तिथे वकील येत नाही, पुढारी फोन करत नाही आणि मीटिंग परवा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात पुन्हा लिहावं लागलं, की भटक्या-विमुक्तांना मनमानी अटक करू नका. स्वातंत्र्याला सत्याहत्तर वर्षं झाल्यावर.

सर्वोच्च न्यायालय अधूनमधून लिहीतच असतं. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात लिहिलं, अटक कशी करावी. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात लिहिलं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का करताय याची कारणं नोंदवा, नाहीतर नोटीस द्या. चांगलाच निकाल. मग कारणांचा छापील नमुना आला. त्यात आरोपी पळून जाण्याची शक्यता, पुरावा नष्ट करण्याची शक्यता, साक्षीदारांवर दबावाची शक्यता अशा ओळी असतात आणि पुढे खूण करायची असते. खुणा करायला वेळ लागत नाही. पुरावा म्हणजे तीनशे चाळीस रुपये आणि बावन्न पत्ते असले तरी तो नष्ट होऊ शकतो.

आणि हे सगळं जुनंच आहे. राष्ट्रीय पोलीस आयोग १९७७ मध्ये नेमला गेला. त्याने आपल्या तिसऱ्या अहवालात लिहिलं, की जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, आणि तुरुंगांच्या खर्चातला ४३.२ टक्के वाटा असल्या कैद्यांवर जातो. हा शोध विरोधी पक्षाचा किंवा एखाद्या संस्थेचा नाही, सरकारने नेमलेल्या आयोगाचा आहे. अहवाल कपाटात गेला. प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीसप्रमुख तो घेऊन १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, दहा वर्षांनी निकाल लागला, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा असा आदेश झाला. २००६ चा आदेश. आजही जो हवालदार सकाळी खुनाच्या तपासाची केस डायरी लिहितो तोच दुपारी मिरवणुकीच्या दोराला धरून चालताना दिसतो. देशातल्या तुरुंगांत आजही चारातले तीन कैदी कच्चे आहेत.

तक्त्याची दुसरी बाजू राहिली. अटका वाढल्या पाहिजेत आणि गुन्हे मात्र कमी झाले पाहिजेत, अशी दुहेरी अट असते. गुन्हेगार वाढवून गुन्हे कमी करायचे, ही कसरत जगात फक्त पोलीस ठाण्यात होते. त्यासाठी कारकुनी लागते. तुमचा मोबाईल लोकलमध्ये कुणी खिशातून मारला, तर तो ‘गहाळ’ होतो. गहाळ म्हणजे तुमच्याच वेंधळेपणामुळे. त्यात चोर नसतो आणि चोर नाही तर तपास नाही. हिसकावलं असेल तर नुसती चोरी, मारलं असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र. दखलपात्र तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. ठाण्यात आजही सांगतात, “आधी बिल घेऊन या.” साहेबांना शिव्या देण्याआधी हे लक्षात घ्या, की इंग्लंडमध्येही हेच निघालं. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जाच काढून घेतला. आपल्याकडे दर्जा काढून घेणारं कुणी नाही, त्यामुळे तो टिकून आहे.

लंडनचं पोलीस दल १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी उभं केलं. त्यांच्या नावावर नऊ तत्त्वं सांगितली जातात. ती त्यांनीच लिहिली का याबद्दल अभ्यासक साशंक आहेत. शेवटचं तत्त्व असं, की पोलीस चांगले आहेत का हे गुन्हे आणि गोंधळ नसण्यावरून ठरवावं, पोलिसांची धावपळ दिसण्यावरून नाही. कुणीही लिहिलं असो, त्याने क्राईम मीटिंग पाहिलेली नव्हती. न घडलेला गुन्हा कुठल्या रकान्यात लिहायचा?

समजा, एक बीट हवालदार आहे. त्याच्या बीटात एक गाव, गावात दोन भाऊ आणि भावांमध्ये एक बांध. धाकट्याने नांगरताना बांध हातभर सरकवला असं थोरल्याचं म्हणणं; बांध आजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे असं धाकट्याचं. पावसाच्या तोंडावर कुऱ्हाडी निघतात. फोन येतो, हवालदार जातो. तो बांधावरच बसतो. थोरल्याला म्हणतो, “आबा, खाली ठेवा ती, मला चहा तरी पाजा.” धाकट्याच्या बायकोकडून चहा येतो, म्हणजे थोरल्याला तो प्यावा लागतो. तास जातो, दोन तास जातात. तलाठ्याला बोलावून मोजणीची तारीख ठरते. तोवर कुणी नांगर घालायचा नाही, असं दोघंही पोरांच्या देखत कबूल करतात. हवालदार स्टेशन डायरीत दोन ओळी लिहितो आणि बंदोबस्ताला निघून जातो.

महिन्याची मीटिंग होते. त्या बीटाचा आकडा बसलेला असतो. इन्स्पेक्टर हवालदाराला विचारतात, “त्या गावात जाऊन तुम्ही केलं काय? डायरीला नोंद आहे, कारवाई कुठाय?” हवालदार म्हणतो, “साहेब, मिटवलं.” इन्स्पेक्टर वाईट माणूस नाही. तो म्हणतो, “मिटवलंत ते बरंच केलंत, पण उद्या काही झालं तर मला विचारतील, कारवाई का नाही केली. दोघांवर एकशेसात टाका.”

हवालदार टाकतो. चॅप्टरच्या रकान्यात दोनची भर पडते. दोघा भावांना तहसील कचेरीत बोलावणं येतं. दोघांची मजुरी बुडते, दोघंही वकिलाला पैसे देतात, दोघंही जामीन शोधत भावकीत फिरतात. थोरल्याला खात्री वाटते, की पोलिसांत धाकट्यानेच सांगितलं. धाकट्याला खात्री वाटते, की थोरल्याने. मोजणीच्या तारखेला कुणीच येत नाही. पंधरा दिवसांनी बांधावर डोकी फुटतात, गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल होतो, दोन्हीकडचे मिळून चौघं अटक होतात, दोन कुऱ्हाडी जप्त होतात.

पुढच्या मीटिंगमध्ये त्या बीटाचा फरक अधिकमध्ये येतो. साहेब इन्स्पेक्टरला म्हणतात, “आता कसं, काम दिसतंय.” हवालदाराला दोनशे रुपयांचं बक्षीस जाहीर होतं आणि ते बिलाला लागेपर्यंत मोजणीची पुढची तारीख येते.